कारभारींच्या बंदुकीची आंघोळ

क्रांती चौकातून जरा आत वळलं की एका तीनमजली इमारतीत खाली बँक होती आणि वर दातांचा दवाखाना. त्या बँकेच्या दारात कारभारी जंजाळ तेरा वर्षं बंदूक घेऊन उभे होते, आणि तेरा वर्षांत त्या बंदुकीनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कारभारींचंही फारसं नाही. पासबुक छापायचं मशीन कुठं, पेन आहे का, साहेब जेवायला गेलेत का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांना द्यावी लागत. बाकी वेळ ते उभे असत आणि मिशीमुळं भारदस्त दिसत.

सगळे त्यांना मामा म्हणत. मामा सतरा वर्षं फौजेत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. फौजेत ते मेसमध्ये दीडशे माणसांची डाळ शिजवत, हे कुणालाच माहीत नव्हतं. मामा खोटं बोलत नसत. सरहद्दीवर होतात का, असं कुणी विचारलं तर ते व्हय म्हणत, कारण मेस सरहद्दीवरच होती. पुढचं समोरच्यानं मनात रंगवायचं. भरतीनंतरच्या शिक्षणात त्यांनी रायफल चालवली होती, पण त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. त्यानंतर हातात आला तो झारा.

बंदूक होती वडिलांची. पोलिस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी कडूबा जंजाळांनी लायसन काढून ती दुनळी बंदूक घेतली, ती सिल्लोडकडच्या मळ्यात मक्यावर येणाऱ्या रानडुकरांसाठी. डुकरांना ती फारशी लागली नाही, पण आवाजानं ती बांधापलीकडं जात. कडूबा गेले, लायसन कारभारींच्या नावावर झालं, आणि स्वतःची बंदूक असलेला माजी फौजी हवा म्हणून बँकेनं त्यांना घेतलं. नोकरी मामांना लागली की बंदुकीला, असा प्रश्न घरात कधीमधी निघे. मामांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं, मत बंदुकीच्या बाजूनं होतं.

म्हणूनच त्या खंडेनवमीला बंदुकीची पूजा मनापासून करत. ही पूजा सुरू केली होती मामांच्या आईनं, मनकर्णाबाईंनी. पाटावर धुतलेलं लुगडं, त्यावर बंदूक, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वरून खोबरेल तेलाचा हात आणि गुळाचा नैवेद्य. सासूच्या माघारी वच्छलाबाईंनी त्यात भरच घातली. कुंकवाच्या जागा ठरलेल्या होत्या. एक बोट लाकडी बटावर, एकेक दोन्ही घोड्यांवर, एक बंदूक उघडायच्या वरच्या कळीवर, आणि चिमूट चिमूट दोन्ही नळ्यांत, आतल्या देवाला म्हणून. एका वर्षी नळीत गुळाचा खडा राहिला आणि मुंग्यांची रांग बँकेच्या कॅशियरच्या खिडकीपर्यंत गेली. मॅनेजरांनी विचारलं तेव्हा मामांनी हवामानाला दोष दिला.

स्वतः मामा रोज सकाळी बंदूक खोबरेल तेलानं पुसत. मेसमधली एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर जपली होती. तपासणीला येणारा साहेब भांडं बाहेरून बघतो. त्यामुळं बंदूक अशी चमके की गिऱ्हाईक बायका तिच्यात बघून टिकली सारखी करत. वर्षातून एकदा बँकेचे सुरक्षा अधिकारी येत, लांबूनच वा म्हणत, आणि फॉर्मवर ‘शस्त्र वापरण्यायोग्य आहे’ या ओळीसमोर सही करत. त्या सहीवर पुढच्या वर्षाचं कंत्राट निघे.

त्या वर्षी जुने अधिकारी निवृत्त झाले आणि नवे आले. मंगळवारी त्यांचं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी सगळ्या शाखांच्या शिपायांनी पडेगावच्या पुढच्या मैदानावर हजर राहावं, प्रत्येकानं आपल्या बंदुकीतून दोन काडतुसं उडवून दाखवावीत. ज्याची बंदूक चालणार नाही, त्याचं कंत्राट वाढणार नाही.

मामांनी पत्र दोनदा वाचलं आणि बंदूक घेऊन मागच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. काडतुसं नेहमी कमरेच्या पट्ट्यात असत, बंदूक रिकामी, असा मॅनेजरांचा पहिल्या दिवसापासूनचा आग्रह होता. मामांनी पट्टा काढून कपाटात ठेवला आणि अंगठ्यानं वरची कळ बाजूला सारली. ती सरकली नाही. गुडघ्यात धरून सारली तेव्हा बंदूक कण्हल्यासारखा आवाज करून कशीबशी उघडली. मग मिटेना. घोडा ओढला तर ओढलेलाच राहिला. आत तांबूस काळपट, लापशीच्या बुडाशी लागतं तसं काहीतरी बसलं होतं.

मामा जुन्या खातेवह्यांच्या गठ्ठ्यावर बसले. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. या वयात दुसरी बँक त्यांना घेणार नव्हती. त्याहून मोठी भीती वेगळी होती. घरी बसलो तर दिवसभर वच्छलाबाईंच्या हाताखाली राहावं लागेल, आणि दळण घेऊन चक्कीच्या रांगेत उभं असताना कुणी मामा म्हणणार नाही, नुसतं सरका म्हणतील, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

बंदुका दुरुस्त करणारे जुने उस्ताद दुकान बंद करून मुलाकडं राहायला गेले होते. जालन्याच्या एका दुकानदाराला फोन लावला, तर त्यानं दहा दिवस सांगितले. बुधवारी दुपारपर्यंत मामांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. आणि मग हात धुताना त्यांना बायकोची कवळी आठवली.

वच्छलाबाई मिसरी लावत. खालचे दात गेले, कवळी आली, तरी मिसरी सुटली नाही, आणि दोन वर्षांत ती कवळी तव्याच्या रंगाची झाली. वरच्या दवाखान्यात डॉक्टर कालिंदीबाईंनी ती एका स्टीलच्या डब्यात पाण्यात ठेवली, बटण दाबलं, डबा मधमाश्यांसारखा गुणगुणला, आणि पाच मिनिटांत कवळी नवी झाली. ब्रश नाही, घासणं नाही. आवाजाच्या लहरींनी पाण्यात बारीक बारीक बुडबुडे फुटतात आणि फटीफटीतली घाण उचकटून निघते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. दोन वर्षांची मिसरी निघते, तर कुंकू का निघणार नाही, असा मामांनी विचार केला आणि बंदूक पोत्यात गुंडाळून ते जिना चढले.

दुपारची दवाखाना बंद असायची वेळ. बाहेर बाकावर तरीही एक पेशंट बसलेला होता. सांडूशेठ हे मक्याचे अडते गेले चार महिने दाढ काढायला येत होते आणि दरवेळी उद्या येतो म्हणून परत जात होते. आजही ते जायच्या बेतात होते, तेवढ्यात पोत्यातून बाहेर आलेल्या दोन नळ्या त्यांच्यासमोरून आत गेल्या. ते पुन्हा बसले.

कालिंदीबाईंनी आधी साफ नाही म्हटलं. ज्या मशीनमध्ये लोकांच्या तोंडात घालायची हत्यारं धुतात, त्यात बंदूक धुतली हे कळलं तर त्यांचा दवाखाना बंद पडला असता. त्यातून त्यांना बंदुकीची भीती वाटत होती, आणि ती लपवायला त्या भराभर बोलत होत्या. रिकामी आहे कशावरून, पट्टा कुठं आहे, कपाटाला कुलूप लावलंय का, किल्ली कुणाकडं आहे. मामांनी बंदूक उघडीच होती ती दाखवली. पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या केल्या. डॉक्टरांचं तरीही समाधान झालं नाही. त्यांनी कपाळावरचा दिवा लावला, दात बघायचा छोटा आरसा घेतला आणि दोन्ही नळ्या मागच्या बाजूनं तपासल्या. तपासता तपासता भीती गेली आणि त्यांचा रोजचा आवाज परत आला.

“मामा, हे शेवटचं कधी साफ केलंत?”

“रोज पुसतो, बाई.”

“वरून पुसता. आतून?”

मामांनी मान खाली घातली. त्या खोलीत त्या प्रश्नाला सगळेच मान खाली घालत.

आशाबाईंनी तेवढ्यात तोंड घातलं. त्या दवाखान्यात मदतीला होत्या, आणि मागच्या खोलीत एक जुनं, बाद केलेलं मशीन पडलंय याची आठवण त्यांनी करून दिली. पाणी तापवायची सोय त्याची बिघडली होती, एवढंच. बाकी चालू आहे हे त्यांना कसं माहीत, असं डॉक्टरांनी विचारल्यावर आशाबाई जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या की गल्लीतल्या बायकांची पैंजणं, जोडवी कधीकधी त्यात टाकते. कालिंदीबाईंनी डोळे मिटले. पण उघडल्यावर हो म्हणाल्या. त्या मशीनवर ‘दातांसाठी नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली, आणि पुढचा ताबा आशाबाईंनी घेतला.

पैंजणांमुळं त्यांचा अनुभव दांडगा होता. मोती टाकायचा नाय, चिकटवलेला खडा टाकायचा नाय, लाकूड तर अजिबात नाय, असं त्यांनी बजावलं. बंदुकीला मोती नव्हते, पण बट होता. मामांनी जनरेटरच्या पेटीतला लांब पेचकस आणून बट सोडवला, मधला लोखंडी भाग उघडला, आणि प्रत्येक पेच डॉक्टरांच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमानं ओळीत मांडला. आशाबाईंनी किटलीत पाणी कोमट केलं, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले, लोखंडी भाग जाळीच्या टोपलीत ठेवून डब्यात सोडला. टोपली हवीच, वस्तू डब्याच्या बुडाला टेकली तर डबा खराब होतो. झाकण लावलं. डबा गुणगुणायला लागला.

पाच मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा पाणी लालभडक होतं.

आशाबाई ते पातेल्यात ओतून बाहेरच्या मोरीकडं निघाल्या. वाटेत बाकावर सांडूशेठ होते. आत बंदूक गेली होती, आवाज आला होता, आणि आता हे बाहेर आलं होतं. त्यांनी पातेल्यात पाहिलं, आशाबाईंकडं पाहिलं, आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

दुसरं पाणी गढूळ पिवळं निघालं. ती हळद. तिसऱ्या पाण्याला विटकरी रंग आला, जरा वेगळा, जुना. ते कुंकू वच्छलाबाईंचं नव्हतं. वच्छलाबाई चौकातल्या दुकानातलं चटक लाल आणत. हे गडद कुंकू आई आठवडी बाजारातून आणायची, कागदाच्या पुडीत, आणि सणाच्या दिवशीसुद्धा चिमटीतून मोजकंच सोडायची. चौथ्या वेळी जाळीत एक तांदळाचा दाणा राहिला, तपकिरी झालेला. घोड्याच्या आतल्या खाचेत तो किती वर्षं होता कोण जाणे. मामांनी तो बोटावर घेतला आणि उजेडाकडं धरून पाहिला. मग तो कागदात बांधून वरच्या खिशात ठेवला. आशाबाईंनी त्यांना घाई केली नाही. त्या नळ्यांकडं वळल्या. नळ्या डब्यात मावत नव्हत्या, त्या मामांनी नंतर काठीला चिंधी बांधून, घासलेटात बुडवून आतून पुसल्या. दहा चिंध्या लागल्या.

डब्यातून निघालेलं लोखंड राखाडी, कोरडं, अगदी उघडं दिसत होतं. मामांना आनंद झाला, आणि ते तसंच जोडायला निघाले. कालिंदीबाईंनी हात धरला. मशीन घाणीबरोबर तेलाचा शेवटचा अंशही काढतं, आता हे लोखंड असंच ठेवलं तर उद्यापर्यंत गंज धरेल, माझा ड्रिलसुद्धा धुतल्यावर तेल दिल्याशिवाय चालवत नाही, असं त्या म्हणाल्या. दातांवर हवा मारायच्या नळीनं त्यांनी प्रत्येक खाच फुंकून कोरडी केली. मग ड्रिलचं पातळ तेल आणलं आणि जिथं लोखंडावर लोखंड घासतं, तिथं एकेक थेंब सोडला.

मामा अस्वस्थ झाले. त्यांनी आयुष्यात थेंबानं तेल कधी वापरलं नव्हतं.

“बाई, लई कमी व्हतंय. करपंल.”

“मामा, ही बंदूक आहे, वांग्याची भाजी नाही.”

मामा दचकले. आपली मेस यांना कशी कळली, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं की बाई सहजच बोलल्या. जास्तीचं तेल धूळ धरतं आणि खोबरेल तर थंडीत थिजतं, कुंकू त्यातच रुतून बसलं होतं, हे कालिंदीबाईंनी त्यांना समजावून सांगितलं आणि उरलेलं तेल फडक्यानं पुसून काढलं. मामांनी पेच ओळीनं परत बसवले. कळीला अंगठा लावला आणि बंदूक नुसत्या स्पर्शानं उघडली. मिटताना आवाज आला तो कडी बसल्यासारखा. मामांनी तो चार-पाचदा ऐकला.

बाहेर सांडूशेठ उठून उभे होते. बाई, काढा, आत्ताच काढा, असं म्हणून ते स्वतःहून खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी आ केला. चार महिन्यांची दाढ दहा मिनिटांत निघाली.

खरी अडचण घरी होती. पडेगावच्या घरात शिरताच वच्छलाबाईंनी बंदुकीकडं पाहिलं आणि त्यांचा हात गळ्याकडं गेला. कळीवर कुंकू नाही, घोड्यांवर नाही, कुठंच नाही.

“अवो, तिचं कपाळ कुणी पुसलं?”

मामांनी मशीनचं सांगितलं. त्यात कवळीचाही उल्लेख आला, तो करायला नको होता. मिसरीच्या डब्यात लक्ष्मीला बुचकळून आणली, असं वच्छलाबाईंचं म्हणणं झालं, आणि गुरुवारचा अख्खा दिवस त्या कुंकवाचा करंडा हातात घेऊन बंदुकीच्या आसपास राहिल्या. मामा पाण्याला उठले तरी बंदूक बरोबर नेत. तपासणीच्या तोंडावर पुन्हा ते सगळं आत गेलं तर संपलंच. बायकोला गप्प करणं त्यांना तीस वर्षांत जमलं नव्हतं, पण शुक्रवारी सकाळी त्यांना एकदम सुचलं.

“अगं, डॉक्टरबाईंनी पथ्य सांगितलंय तिला.”

वच्छलाबाई थांबल्या. डॉक्टरांच्या पथ्यापुढं त्या कधी जात नसत. काय काय पथ्य, असं त्यांनी विचारलं. लोखंडाला कुंकू नाय, गोड नाय, खोबरेल तर वर्ज्यच, लाकडाला चालंल, असं मामांनी एका दमात सांगितलं. वच्छलाबाईंनी मनातल्या मनात ते पाठ केलं, लाकडी बटावर एक बोट टेकवलं, आणि एवढी कुंकवाची चिमूट वाया कशी घालवायची म्हणून ती मामांच्या कपाळावर भरून लावली. मामा तसेच मैदानावर गेले.

मैदानावर सहा शिपाई होते, आणि मामांचा नंबर येईपर्यंत दुपार कलली. नवे अधिकारी किडकिडीत, निवृत्त कॅप्टन, कमी बोलणारे. त्यांनी मामांच्या हातातून बंदूक घेतली. मामांचं काळीज तिच्याबरोबर गेलं. साहेबांनी अंगठा लावला, ती उघडली. नळ्यांतून आभाळ बघितलं. मग वास घेतला आणि कोणतं तेल म्हणून विचारलं. दातांच्या मशीनचं, असं मामांनी सांगितलं. साहेबांनी पुन्हा एकदा वास घेतला आणि बंदूक परत दिली.

आता मात्र चालवायची होती, आणि ते काम आशाबाई करणार नव्हत्या. मामांनी काडतुसं घातली. पस्तीस वर्षांपूर्वी रायफल शिकवणाऱ्या फौजी उस्तादानं काय सांगितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, तर डाळीचं प्रमाण आठवलं. बट खांद्याला घट्ट लाव, एवढंच कसंबसं आलं. समोर पत्र्याचा डबा होता. घोडा चढवून चाप ओढला. मामांना वाटलं आकाश कानात शिरलं. डबा उडाला होता. दुसरा बारही गेला, डबा जागेवर नव्हता तरी. बाजूच्या शिपायांनी फौजी तो फौजी म्हणून माना हलवल्या. मामांनी व्हय म्हटलं.

साहेबांनी फॉर्म काढला, ‘वापरण्यायोग्य’च्या पुढं खूण केली आणि फॉर्म मामांच्या हातात ठेवला. खाली नवा रकाना होता. साफसफाई व तेलपाणी करणाऱ्या तज्ज्ञाची सही, शिक्का व सूचना. तो भरून आल्याशिवाय फॉर्म वर जाणार नव्हता, आणि संध्याकाळी पाचला टपाल निघणार होतं.

मामा जिना चढले तेव्हा साडेचार वाजले होते. कालिंदीबाईंच्या हातात सुई होती, खुर्चीत पेशंट होता. त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. मी दातांची डॉक्टर आहे हो, असं त्या हळूच म्हणाल्या. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. काम मी केलंय हे तर खरंच आहे, असं स्वतःशीच पुटपुटत कालिंदीबाईंनी सही केली, आशाबाईंनी शिक्का मारला, डॉ. कालिंदी, दंतरोगतज्ज्ञ. सूचनांच्या रकान्यात त्यांच्या हातानं सवयीनं जे रोज लिहिलं जाई तेच लिहिलं गेलं. फॉर्म खाली गेला तेव्हा पाचला तीन मिनिटं होती.

पुढचे बारा दिवस मामा दारात उभे राहिले, पण कुणी पासबुकाचं मशीन विचारलं तरी दचकत. तेराव्या दिवशी मॅनेजरांनी आत बोलावलं. मुख्य कार्यालयाचं पत्र होतं. कंत्राट एक वर्षानं वाढवलं होतं, आणि खाली एक ओळ जास्तीची होती. तज्ज्ञांच्या सूचनेचं कार्यालय स्वागत करतं, ती सर्व शाखांना लागू करण्यात येत आहे, सर्व शिपायांनी आपापली शस्त्रं दर सहा महिन्यांनी सदर तज्ज्ञांना दाखवून घ्यावीत आणि मध्ये काही त्रास वाटल्यास लगेच यावं.

मॅनेजरांनी हे तज्ज्ञ कोण म्हणून विचारलं. मामांनी बोटानं वर दाखवलं. मॅनेजरांना वाटलं, मामा देवाचं नाव घेताहेत, आणि त्यांनीही भक्तिभावानं हात जोडले.